नर्सबाईची सोयर

या अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला, की दवाखान्यातल्या काही गमतीच्या आठवणी लिहून द्या. बाईच्या हातचे लिखाण वाचकांना गोड लागते. गोड पाहिजे असेल तर गुळाची ढेप आणावी, कोल्हापुरात तिला तोटा नाही. मी लिहीन ते तिखटच निघेल, मला दुसरे येत नाही.

अशा अंकांतून पेन्शनीत निघालेले मामलेदार आणि हेडमास्तर आठवणी लिहितात. माझे केस काळे आहेत, दात शाबूत आहेत आणि उद्या सकाळी मला दवाखान्यात हजर व्हायचे आहे. पण मानमोडीच्या साथीत मी जे केले ते सांगायला म्हातारपणाची वाट का बघू? आणि नम्रपणाने लिहा असेही कुणी सांगू नये. त्या साथीत तान्ही लेकरे पटापटा गेली. काही जगली. जगली त्यांतली काही माझ्यामुळे जगली. हे वाक्य छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याने जाड खिळ्यांत जुळवले तरी माझी हरकत नाही.

खिळ्यांची भाषा मला येते, कारण मी लिहायला शिकले ती शाळेत नव्हे, मामांच्या छापखान्यात. छापखाना कसला, पायाने चालवायचे एक यंत्र, खिळ्यांच्या पेट्या आणि भिंतीला टेकलेले कागदांचे गठ्ठे. पोटासाठी लग्नपत्रिका आणि कुस्त्यांच्या जाहिराती, जिवासाठी हँडबिले. दक्षिणेशिवाय लग्न लावा, पोरींना शाळेत घाला, भुताखेताला कोंबडे कापू नका. लहानपणी मी त्यांच्या घड्या घालत असे, पुढे खिळे जुळवू लागले, आणि मग लिहूच लागले. हँडबिल माणूस उभ्याउभ्या वाचतो. म्हणून वाक्य तोडके पाहिजे आणि राग खरा पाहिजे. बाकी अलंकार देवळाला.

माझे स्वतःचे पहिले हँडबिल सोयरीवर होते. घरात मूल जन्मले की दहा दिवस घर बाटले. बाळंतीण कोपऱ्यात, तिचे ताट वेगळे, अंथरूण वेगळे, तिला शिवले की अंघोळ, देवाला दिवा नाही. ही सोयर. मी लिहिले होते, 'जीव जन्मला म्हणून घर बाटले म्हणता, तर तुम्ही काय आभाळातून पडलात?' मामांनी माझ्या पाठीवर शाईच्या हाताने थाप मारली. लुगड्यावर पंजा उठला तो अजून आहे. ते हँडबिल आम्ही आठवड्याच्या बाजारात वाटले. दोघातिघांनी वाचले, बाकीच्यांनी त्यात तंबाखू बांधली.

लग्न झाले होते. नवरा प्लेगात गेला. त्यावर जास्त लिहायचे नाही. मामांनी मला कोपऱ्यात बसू दिले नाही. महाराजांच्या राज्यात पोरींना नर्सिंग शिकायची सोय झाली होती, तिथे मला नेऊन उभे केले आणि म्हणाले, 'आता हातानं हँडबिल लिही.' तशी मी दरबारच्या दवाखान्यात लागले.

आता धंद्याची गोष्ट. मानमोडी म्हणजे डॉक्टर ज्याला इन्फ्लुएंझा म्हणतात तो ताप. थोरांची मान मोडून पडते, अंग ठणकते, खोकल्याने छाती फुटते. तान्ह्या लेकरात तो तसा दिसत नाही. अंग तापतेच असेही नाही. तान्हे मूल नाकानेच श्वास घेते, तोंडाने घ्यायची अक्कल त्याला अजून आलेली नसते. नाक चोंदले की दूध ओढता येत नाही. एक घोट घेते, सोडते, रडते, पुन्हा धरते. बघणाऱ्या बाया म्हणतात, 'लई हट्टी हाय.' मग श्वास घाईचा होतो. नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखाली खळगा पडतो, श्वासाश्वासाला कण्हण्याचा आवाज येतो. आणि मग ते गप्प होते. घरचे म्हणतात, बरे झाले, डोळा लागला. डोळा लागलेला नसतो, लेकरू दमलेले असते. दमलेले लेकरू मधेच श्वास घ्यायचे विसरते.

आमच्याकडे याला डबा झाला म्हणतात, आणि डब्याला डाग देतात. देवापुढे विडा ठेवायचा, बांगडी चुलीत लाल करायची आणि लेकराच्या पोटावर टेकवायची. ज्याच्या अंगात रडायचा दम उरलेला नाही त्याला रडवायचे! मी अशी पोटे उघडी करून बघितली आहेत. त्यावर मी काय बोलले ते संपादक छापणार नाहीत.

साथ सुरू झाली तेव्हा मी आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारले, 'तान्ह्यांना औषध कुठलं द्यायचं?'

'औषध नाही,' त्या म्हणाल्या.

'म्हणजे संपलंय?'

'संपलं नाही. नाहीच. आजार कशाने होतो तेही कुणाला नक्की ठाऊक नाही. शिंकेतून, खोकल्यातून जातो, एवढं दिसतं. बाळाचा दम टिकला तर काही दिवसांत आजार आपण होऊन उतरतो. आपण दम टिकवायचा.'

मला राग आला. हँडबिलात प्रत्येक रोगाला औषध असते. औषध नाही, फक्त टिकवायचे, असे वाक्य मी जन्मात जुळवले नव्हते. पण त्या वाक्याइतके खरे वाक्य मी नंतरही वाचले नाही.

दम टिकवायचा म्हणजे काय, तेही सांगते. कोमट मिठाच्या पाण्याचा थेंब नाकपुडीत सोडायचा आणि कापसाच्या मऊ वातीने शेंबूड टिपून घ्यायचा. नाक मोकळे झाले की लगेच दूध; अंगावर ओढत नसेल तर आईचे दूध वाटीत काढून गालाच्या कोपऱ्यात थेंबाथेंबाने. पोटभर नाही, थोडे थोडे, पुन्हा पुन्हा. निजवायचे नाही, उभे धरायचे. ऊब द्यायची, धूर द्यायचा नाही. श्वास थांबला तर तळव्याला टिचकी. आणि उगाच हाताळायचे नाही. हे काम आहे, आणि ते एकट्या नर्सचे नाही. घरातला माणूस कामाला लागला तर लेकरू जगते. माझी खरी मेहनत लेकरापेक्षा घरावर जास्त झाली.

साथीच्या सुरुवातीलाच मी दरबारच्या पागेसाठी खोगिरे शिवणाऱ्या एका मुसलमान कुटुंबात नाळ बघायला गेले होते. गल्लीत घरोघर खोकला. घरधनी स्वतः तापलेला, तो बाहेर दुकानात कातड्यांच्या गठ्ठ्यावर पडलेला. आत सून आणि लेकरू मात्र ठणठणीत. मी विचारले, हे कसे? सासू म्हणाली, 'आमच्यात चालीस दिवस जच्चाच्या, म्हंजी बाळंतिणीच्या खोलीत कोणी येत न्हाई, बाई. बाप बी खिडकीतनं बघतो न् जातो. बघा की, खिडकीला नाक लावून लावून चौकट काळी केलीय त्यानं.' मी हसले. पण मनात मी सोयरीवरचे दुसरे हँडबिल जुळवतच बाहेर पडले. चाळीस दिवस कोंडून ठेवता! लेकरू बरे का होते, याचा विचार माझ्या रागात मावला नाही.

मग एक दिवस दवाखान्याच्या दारातला उजेड बंद झाला. दारात ग्यानू पैलवान उभा होता. कसबा बावड्याचा. मामांनी कुस्त्यांच्या जाहिरातींत त्याचे नाव इतके मोठे छापले होते की मी त्याला नावाच्या आकारावरूनच ओळखले असते. कान मोडलेला, मान आणि डोके एकाच मापाचे. आणि डोळ्यांत पाणी.

'बाई, चला. पोरगी दूध घेईना.'

'काय झालंय?'

'आई म्हणती डबा झालाय. माझ्या बहिणीला कुरुंदवाडला निरोप धाडलाय. चंद्राक्का डाग चांगला देती. सोयर फिटली की देवाला विडा ठेवून डाग द्यायचा न् त्याच दिवशी बारसं उरकायचं.'

'आणि सोयर कधी फिटते?'

'आता फिटंल की. थोडंच दिस ऱ्हायलं.'

मी पिशवी उचलली. तेवढ्याच दिवसांत त्या पोरीचा दम टिकवायचा होता, आणि ते संपल्यावर कुरुंदवाडची बांगडी अडवायची होती.

बावड्याच्या घरात शिरले तर बाळंतिणीची खोली दिसेना. दिसेना म्हणजे धुराने. बाजेखाली शेगडी, शेगडीवर ओवा, शेपा, लसणीच्या साली. खिडकी नाहीच. बाजेवर हौसा, पैलवानाची बायको, मानमोडीने फणफणलेली. तिचे माहेर शिरोळकडे. तिकडे घरेच्या घरे आजारी म्हणून पहिलेच बाळंतपण सासरी केलेले. कुशीत लेकरू, नाकपुड्या फुललेल्या, कण्हणारे. उंबऱ्याशी पैलवानाची आई, सरूबाई.

'मावशी, शेगडी बाहेर काढा.'

'बाळंतिणीला वारं लागंल.'

'लागू दे. पोरीला श्वास मिळू दे.'

शेगडी काढली तरी धूर जाईना. मी वर बघितले. खापरी कौले होती. 'पैलवान, वर चढा आणि चार कौलं काढा.'

'घराची कौलं?'

'मग काय देवळाची?'

तो चढला. वर उजेडाचा चौकोन पडला आणि धूर त्यातून असा गेला जसा कोंडलेला बैल सुटतो. सरूबाई कपाळाला हात लावून म्हणाली, 'लेकरू जन्मलं न् घर उघडं पडलं.' हौसा तापातसुद्धा हसली. मला तेव्हाच वाटले की ही बाई जगेल.

पण शेगडी गेली तर ऊब कुठून आणायची? हौसाच्या अंगात धरायची ताकद नव्हती, आणि ती खोकत होती. सरूबाईला स्वतःला कणकण. मी पैलवानाकडे बघितले. एवढी मोठी, गरम, निरोगी छाती सगळ्या बावड्यात दुसरी नव्हती.

'अंघोळ करा. माती राहू देऊ नका. मग उघडे येऊन इथे भिंतीला टेकून बसा.'

'म्या?' तो दोन पावले मागे सरला. 'बाई, म्या हात लावला तर मोडंल की वो पोरगी! म्या आजून धरलीच न्हाई तिला.'

'आईनं धरली तर मोडत नाही, तुमच्यानं मोडते? बसा.'

'आन् सोयर?' सरूबाई म्हणाली.

'सोयर गेली चुलीत,' मी म्हटले. तेव्हा माझे मत तेच होते.

पैलवान बसला. तोंडावर मी धुतलेले फडके बांधले, मान एका बाजूला वळवायला लावली आणि त्याच्या उघड्या छातीवर पोरीला उभी धरून वरून घोंगडी गुंडाळली. तो श्वास रोखून बसला. मी म्हटले, 'पैलवान, तुम्ही तरी श्वास घ्या. ती तुमच्याकडून शिकेल.'

टिचकीचा धडा मात्र कठीण गेला. श्वास अडकला तर तळव्याला हळू टिचकी मारायची, असे मी सांगितले. त्याने ती माझ्यासमोर धान्याच्या पाटीवर मारून दाखवली. पाटीतले दाणे उडाले. मग तो स्वतःच्या गालावर टिचक्या मारून सराव करू लागला. जराशाने विचारतो, 'ही बरी?' 'जोरात आहे.' 'ही?' 'अजून हळू.' शेवटी त्याची टिचकी अशी झाली की माशी उडाली नसती. अंगभर ताकद असलेल्या माणसाला ती वापरायची नाही हे शिकवणे, हे माझ्या नोकरीतले एक मोठे काम मी समजते.

हौसा दूध काढून देत होती. ताप असला तरी दुधाने काही होत नाही, उलट तेच पोरीचे बळ, हे मी सरूबाईला समजावले, पटेना म्हणून सांगितले, आणि तेही चालेना म्हणून ओरडून सांगितले. वात, थेंब, दूध, थेंब. पोरगी दोनदा निळी पडली. दोन्ही वेळा बापाच्या टिचकीने परत आली. दुसऱ्या वेळी पैलवान मोठ्याने रडला, आणि रडताना छाती हलू नये म्हणून त्याने पोट आवळून धरले होते. असा रडणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

डॉक्टरीणबाई टांग्याने येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, 'आजार उताराला लागायच्या कडेवर आहे. पण तिच्याजवळ श्वासापुरताच दम आहे. धक्का नको, गर्दी नको, नवा खोकला तर नकोच नको.'

आणि दुसऱ्या दिवशी सोयर फिटली. सरूबाईने घर सारवले. उन्हे वर आली आणि दारात बैलगाडी थांबली.

चंद्राक्का उतरली ती गावभर ऐकू जाईल असे खोकतच उतरली. मागे शेजारणी, कडेवर हरभऱ्याची पाटी, हातात पोरीसाठी शिवलेली कुंची. आत्या म्हणून बारशाला नाव ठेवायचा मान तिचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: आत्या लेकराच्या कानाशी तोंड नेते, 'कुर्र' करते आणि नाव सांगते. मागून बाया तिच्या पाठीवर थापा मारतात. म्हणजे शिंक आणि खोकला लेकराच्या अंगावर नेमका सोडायचा, तर याहून चांगली रीत कुणाला शोधून सापडणार नाही.

मी उंबऱ्यावर आडवी उभी राहिले.

'तू गं कोण?'

'दरबारची नर्स. आक्का, आत येऊ नका. तुम्हाला मानमोडी झालीय.'

'मला? घसा बसलाय गाडीतल्या धुरळ्यानं. सर भाईर.'

'तुमच्या खोकल्यातून आजार पोरीला जाईल. तो डोळ्याला दिसत नाही, पण...'

'दिसत न्हाई?' ती शेजारणींकडे वळली. 'ऐकलं का गं? हिला न दिसणारं दिसतंया. देवऋषीण हाय जणू.' सगळ्या हसल्या.

'बरं, तोंडाला फडकं तरी बांधा.'

'का? माझ्या तोंडात काय साप बसलाय? ग्यान्या! ए ग्यान्या! बायकूच्या खोलीत उघडाबंब बसलाईस, लाज न्हाई वाटत? चूल पेटव, बांगडी आणलीया म्या.'

पैलवान जागचा हलेना, कारण छातीवर पोरगी होती. खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात भल्याभल्यांना त्याने पाठ टेकवायला लावली होती, पण थोरल्या बहिणीपुढे त्याचा आवाज फुटेना. मी पिशवीतून एक हँडबिल काढले, डाग देण्याविरुद्धचे, मामांनी मोठ्या कष्टाने छापलेले. चंद्राक्काने ते घेतले, उलटे धरले, सुलटे धरले आणि त्याने नाक पुसले.

मग ती मला बाजूला सारून पाऊल उचलू लागली. पोरगी आत कण्हत होती. त्या क्षणी मला खोगीरवाल्याची ती काळी पडलेली खिडकीची चौकट आठवली, आणि माझ्या तोंडून निघाले, 'थांबा! सोयर हाय!'

चंद्राक्काचे पाऊल हवेत थांबले.

'सोयर आजच फिटली की.'

'ती साधी. मानमोडी आलेल्या घराला सव्वा महिन्याची सोयर असते. खोकणाऱ्यानं, शिंकणाऱ्यानं उंबरा ओलांडायचा न्हाई. लेकराला शिवायचं न्हाई. बारसं न्हाई, देवाला विडा न्हाई. आणि विडा न्हाई तर डाग न्हाई.'

'कुणी सांगितलं?'

'मी सांगते.'

'तू कोण सांगणार? आई, अशी सोयर हाय व्हय कुठं?'

सगळ्यांनी सरूबाईकडे बघितले. तिच्या एका शब्दावर पोरीचा जीव होता, आणि माझी सगळी हँडबिले त्या वेळी कुणाच्या कामाची नव्हती. सरूबाईने आत बघितले. पैलवानाच्या छातीवर पोरगी गालातला दुधाचा थेंब गिळत होती. त्याच सकाळी तिने पहिल्यांदा ओठ चाटले होते, आणि ते सरूबाईने बघितले होते.

'हाय,' सरूबाई म्हणाली. 'माझ्या सासूच्या टायमाला बी हुती. चंद्रे, गोठ्यात अंथरूण घालते, तितं ऱ्हा. भाकरी भाईर देते.'

चंद्राक्का एवढी थक्क झाली की खोकायची थांबली. शेजारणी तर आपणहून मागे सरल्या. जी बाई माझ्या न दिसणाऱ्या आजाराला हसली होती ती सोयरीला घाबरली, कारण न दिसणारा आजार माझ्या सांगण्यातला होता आणि सोयर तिची स्वतःची होती.

मागाहून न्हाणीपाशी हात धुताना सरूबाई माझ्या कानाशी म्हणाली, 'असली सोयर न्हाई कुठं, म्हाईती हाय मला. पर चंद्रीला दुसऱ्या कशानं आडवणार हुतीस?'

चंद्राक्काला गोठ्यातच ताप भरला. चांगली मान मोडून पडली. मग मी पोरगी बघायची आणि हात धुऊन, लुगडे बदलून गोठ्यात तिला बघायची. ताप उतरल्यावर एकदा ती म्हशीच्या पाठीआडून म्हणाली, 'नर्सबाई, म्या त्या दिशी आत गेली असती तर...?' मी हात धुवायला घेतले. ती म्हणाली, 'बरं, ऱ्हाऊ दे.' आणि तोंडाला पदर बांधून घेतला.

पोरगी जगली. हौसा जगली. एके दिवशी पोरीने बापाच्या छातीवर अशी सणसणीत शी केली की पैलवान ती धुवायला उठेना. गावाला दाखवायची म्हणत होता.

मग या सोयरीचा बोभाटा झाला. सरूबाईने दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधला होता. देवी आलेल्या घरावर बांधतात तो बघून लोक थबकतात, म्हणून. बघता बघता बावड्यात जिथे जिथे बाळंतीण तिथे डहाळा लागला. बाया येऊन विचारत, 'आमच्याकडं बी नर्सबाईची सोयर लावू का?' मी म्हणे, लावा. आणि प्रत्येक घरात शेगडी बाहेर काढायला, नाक साफ करायला, दूध थेंबाने द्यायला शिकवून येई. सगळी लेकरे राहिली नाहीत. काही घरांत मी पोचले तेव्हा ते गप्प होणे होऊन गेले होते. त्या आयांची तोंडे मला आठवतात. पण त्यांच्या लेकरांच्या पोटावर डाग नव्हते, एवढे मी सांगू शकते.

छापखान्यात मात्र माझ्यावर वीज पडली. मामांना कुणीतरी सांगितले होते.

'सोयर मोडायची म्हणून आपण जन्म घालवला, आणि तू सव्वा महिन्याची सोयर काढलीस?' त्यांनी हातातले खिळे पेटीत आपटले. 'उद्या म्हणशील गंडा बांधा, परवा म्हणशील कोंबडं कापा!'

'मामा, त्यांची सोयर म्हणते बाळंतीण घाण आहे, जगाला तिच्यापासून वाचवा. माझी म्हणते जग घाण आहे, बाळंतिणीला त्याच्यापासून वाचवा. माझी सोयर जात बघत नाही, शिंक बघते.'

'पण नाव तेच!'

'नावासाठी पोरगी मारू?'

मामांनी आपटलेले खिळे पुन्हा वेचायला घेतले. त्यांना पटले नव्हते. मला म्हणाले, 'बारशाला मी येणार, आणि चार लोकांत उभा राहून हे थोतांड मोडणार.'

सव्वा महिना झाला, पण साथ सरली नव्हती म्हणून खोकणाऱ्या-शिंकणाऱ्यापुरती सोयर दाराशी चालूच ठेवली होती. बारशाचा दिवस उजाडला. घुगऱ्या शिजत होत्या, पाळणा टांगला होता. दाराशी पहाऱ्याला चंद्राक्का स्वतः, पदर खोचून. प्रत्येक पाहुण्याला विचारत होती, 'खोकला? ताप? जीब दाखव.' जीभ कशाला बघत होती ते तिचे तिला ठाऊक. तिच्या नवऱ्यालाही तिने एकदा परत धाडून तोंड धुऊन यायला लावले होते.

मामा आले. डोक्याला रुमाल, काखेत हँडबिलांचा गठ्ठा, भाषण तयार. उंबऱ्यापाशी येऊन त्यांनी सवयीने तपकिरीची चिमूट ओढली, आणि शिंकले. अशी शिंक, की बैलांनी कान टवकारले.

चंद्राक्काने दोन्ही हात चौकटीला लावले. 'पावणं, भाईर.'

'अहो बाई, तपकीर आहे ती.'

'आसंल. सोयर हाय.'

'बाई, सोयर हे थोतांड आहे! मी त्यावर वीस वर्षं...'

'आसंल की थोतांड,' चंद्राक्का म्हणाली. 'पर शिंक तर खरी हाय न्हवं? थांबा तितं.'

मामांनी माझ्याकडे बघितले. ज्यांनी मला अक्षर शिकवले, कोपऱ्यातून उठवले, ते मामा. तपकीर आहे हे मला दिसत होते. मी एक शब्द बोलले असते तर चंद्राक्का बाजूला झाली असती. मी बोलले नाही. आज तपकीर म्हणून एकाला सोडले तर उद्या धुरळा म्हणून दुसरा येईल, आणि मग दाराला काही अर्थ राहणार नाही.

मामा अंगणात बैलांशेजारच्या दगडावर बसले. आत चंद्राक्काने पोरीच्या कानाशी तोंड नेले, पदरातूनच 'कुर्र' केले आणि नाव सांगितले. पैलवानाच्या हसण्याने कौले हादरली. मी द्रोणात घुगऱ्या घेतल्या, बाहेर नेऊन मामांच्या हातात दिल्या, आणि त्यांना आत न घेता परत उंबरा चढून आले.